मार्थेचा हिशेब : विसावा, सेवा आणि आनंद



रविवार हा विसाव्याचा दिवस, असं आपण सगळेच म्हणतो. पण मंडळीत जी माणसं खरोखर राबतात त्यांना विचारून बघा. संडे स्कूल, गाण्याचा सराव, उपासना, मग कुणी आजारी असेल त्याची भेट, संध्याकाळी एखादी बैठक. सोमवारी कामावर जाताना ही माणसं शनिवारपेक्षा जास्त दमलेली असतात. दमणं हा काही गुन्हा नव्हे. पण दमलेल्या माणसाच्या मनात हळूहळू एक हिशेब सुरू होतो : मी एवढं करतो, बाकीचे काय करतात? हा हिशेब सुरू झाला की सेवा चालू राहते, आनंद मात्र निघून जातो. आज आपण या हिशेबाविषयी बोलू, आणि त्यासाठी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय सलग पाहू. एरवी आपण त्याचे तीन तुकडे करून तीन वेगळ्या रविवारी ऐकतो, त्यामुळे धागा हातातून सुटतो.

अध्यायाच्या सुरुवातीला प्रभू येशू सत्तर जणांना (काही जुन्या हस्तलिखितांत बहात्तर) जोडीजोडीने पुढे पाठवतो. ते आनंदाने परत येतात. भुतंसुद्धा आम्हाला वश होतात, म्हणून सांगतात. येशू त्यांच्या आनंदावर पाणी टाकत नाही, पण त्या आनंदाची जागा बदलतो. भुतं वश झाली म्हणून नव्हे, तर तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून आनंद करा, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आपण ज्याच्यासाठी महिनाभर प्रार्थना केली तो माणूस बरा होतो, किंवा होत नाही. ज्या मुलाला शिकवलं तो मोठेपणी ओळख दाखवतो, किंवा दाखवत नाही. आनंद जर या निकालावर टांगलेला असेल, तर तो परीक्षेच्या निकालासारखाच वर-खाली होणार. नाव लिहिलेलं असणं मात्र सेवेच्या आधीचं आहे. ते सेवा करून कमावलेलं नाही, म्हणून एखादा दिवस सेवा थांबली तरी पुसलं जात नाही. ख्रिस्ती विसाव्याचं मूळ इथे आहे.

मग येतो चांगला शोमरोनी. ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे, पण तिचा शेवट आपण घाईत उरकतो. यरुशलेमहून यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तो तेल-द्राक्षारस लावतो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो. आणि दुसऱ्या दिवशी? दोन दिनार, म्हणजे त्या काळची साधारण दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवतो, याची काळजी घ्या म्हणतो, जास्त खर्च झाला तर परतताना देईन असं सांगून आपल्या वाटेला लागतो. तो तिथे ठाण मांडून बसत नाही. माझ्याशिवाय याचं कोण करणार, असं त्याला वाटत नाही. सेवेचा एक भाग दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं हीसुद्धा श्रद्धाच आहे.

याच्या लगेच पुढे मार्था आणि मरीया. प्रवचनांतून मार्थेवर फार अन्याय झालेला आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मरीया चांगली, मार्था प्रपंचात गुंतलेली, असं सांगून आपण मोकळे होतो. आणि त्या प्रवचनानंतरचं प्रीतिभोजन मात्र एखाद्या मार्थेनंच रांधलेलं असतं! लूकने मार्थेच्या कामाला वापरलेला ग्रीक शब्द आहे दियाकोनिया, सेवा. ‘डीकन’ हा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे तिचं काम हलकं ठरवलेलं नाही. येशू बोट ठेवतो ते तिच्या चिंतेवर आणि ओढाताणीवर. आणि तिचं वाक्य ऐका : बहिणीने मला एकटीला कामाला सोडलंय, याचं तुम्हाला काहीच नाही का? तक्रार बहिणीची आहे, पण विचारणा थेट प्रभूलाच. आपला हिशेब शेवटी तिथेच जाऊन पोचतो.

पुढची गोष्ट लूक सांगत नाही, योहान सांगतो. बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत पुन्हा जेवण आहे. लाजर पंगतीला बसलाय, मरीया प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावते आहे. आणि मार्था? वाढते आहे. तेच काम, तोच सेवेचा शब्द. पण या वेळी तिच्या तोंडी एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती यहूदाची, तेल वाया गेल्याची! मार्थेनं काम सोडलेलं नाही. तिचा हिशेब मात्र तिथे कुठे ऐकू येत नाही.

आता विसाव्याच्या आज्ञेकडे वळू. शब्बाथाची आज्ञा दोनदा येते, आणि कारण दोन्हीकडे वेगळं आहे. निर्गमात ते सृष्टीचं आहे : सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ते मिसर देशातल्या गुलामगिरीचं आहे : तुम्हीही दास होतात, हे विसरू नका. म्हणून तुमच्या दासालाही विसावा, दासीलाही, परक्यालाही, आणि बैलाला व गाढवालाही. बैल म्हटल्यावर आपल्याला पोळा आठवतोच. आदल्या दिवशी बैलाचा खांदा हळद-तुपाने मळायचा आणि पोळ्याला मानेवर जू ठेवायचं नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. शब्बाथ म्हणजे असा दिवस दर आठवड्याला, आणि तो सगळ्यांना. विसावा घेणं जितकं आज्ञेत आहे तितकंच विसावा देणंही आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते, आणि रविवार मागताना त्यांनी तो खंडोबाचा वार असल्याचंही कारण दिलं होतं. पण दमलेल्या माणसाला एक दिवस मिळवून देणं ही केवढी सेवा आहे, हे त्यांच्याकडून आपण मंडळीवाल्यांनी शिकावं.

कारण विसाव्याचं प्रवचन सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. ज्या बाईची सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे, ज्या वडिलांचं मूल रात्र-रात्र झोपत नाही, त्यांना ‘प्रभूमध्ये विसावा घ्या’ एवढंच सांगणं क्रूरपणाचं आहे. त्यांना आधी माणसं हवीत. सेवकांची यादी करताना आपण उपासनेत कोण वाचणार, कोण दान गोळा करणार हे लिहितो. त्याच कागदावर अशा घरांची नावं लिहावीत, आणि प्रत्येक नावासमोर रविवारी दोन तास तिथे जाऊन बसणाऱ्या दोघांची. जोडीनेच जावं, म्हणजे आजाऱ्याला उठवा-बसवायला हात पुरतात. त्या दोन तासांत घरच्या बाईनं उपासनेला आलंच पाहिजे असं नाही. ती झोपली तरी चालेल.