‘बलुतं’ ही कादंबरी आहे का? मोबाईलवर मराठी पुस्तक शोधताना लागणारे शब्द

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे अकोल्याला गेलो होतो. (आपल्या नगर जिल्ह्यातलं अकोले. विदर्भातलं अकोला वेगळं, सर्च करताना दोन्हींची हमखास गल्लत होते.) मामेबहीण अकरावीला आहे. तिला मराठीचा प्रकल्प होता, जिल्ह्यातल्या लेखकाच्या एका पुस्तकाचं परीक्षण. तिने दया पवारांचं ‘बलुतं’ निवडलं, कारण त्यांचं धामणगाव याच तालुक्यातलं. अर्धं पुस्तक वाचून झालं, वेळ संपत आला, मग उरलेलं मोबाईलवरून उरकलं. आपण सगळेच करतो तसं.

वही परत आली तेव्हा पहिल्याच वाक्यावर लाल गोल होता. वाक्य होतं: ‘बलुतं ही दया पवार यांची गाजलेली कादंबरी असून तिचा नायक दगडू आहे.’ बाजूला मॅडमनी तीनच शब्द लिहिले होते: ‘हे घडलेलं आहे.’

मार्क फार कापले नव्हते, पण ती खट्टू झाली होती. मला म्हणाली, “दादा, मोबाईलवर तर हेच लिहिलं होतं. मी काय मनाने लिहिलं का?”

मी तिची सर्च हिस्ट्री उघडली. तिने टाकलं होतं ‘बलुतं समीक्षा’. वर आलेली पानं बहुतेक हिंदी. ‘बलुतं’चा हिंदी अनुवाद ‘अछूत’ या नावाने झालेला आहे, त्यामुळे हिंदीतही त्यावर लिहिलेलं सापडतं. त्यातल्या एका पानावर कुणीतरी बेफिकिरीने ‘उपन्यास’ म्हटलं होतं. तेच तिने एका एआय ॲपला मराठीत करून मागितलं. ॲपने ‘उपन्यास’चं ‘कादंबरी’ केलं. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर, आणि माहिती साफ चूक.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दाने असं काय बिघडलं? इथे बरंच बिघडतं. कादंबरी म्हणजे लेखकाने रचलेलं जग. ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि त्यात महारवाड्यातलं, मुंबईतल्या वस्तीतलं जगणं लेखकाने स्वतःच्या आयुष्यातून मांडलं. त्याला कादंबरी म्हटलं की वाचणारा निवांत होतो, ‘गोष्टच तर आहे’ म्हणतो. जे सोसलं ते कल्पनेच्या खात्यात जमा होतं.

गोंधळ व्हायला पुस्तकातच एक कारण आहे, हेही खरं. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात हा दगडू आपली हकिकत दया पवारांना सांगतो, अशी मांडणी आहे. म्हणजे एकच माणूस दोन झाला आहे, सोसलेला आणि शिकून लिहू लागलेला. पुस्तक हातात न धरता नुसता सारांश वाचला तर दगडू हे एखादं पात्र वाटणारच.

मग याला म्हणायचं काय? आत्मकथन. काहीजण स्वकथन म्हणतात. आत्मचरित्र हा शब्द आपल्याला जास्त ओळखीचा. त्यात साधारणपणे माणूस उतारवयात मागे वळून आपलं अख्खं आयुष्य सांगतो. आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्या आणि रेव्हरंड ना. वा. टिळक नगरला राहिले होते, आणि हे पुस्तक मराठीतल्या सर्वांत लाडक्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. दलित लेखक मात्र बऱ्याचदा ऐन उमेदीत लिहू लागले आणि स्वतःबरोबर सगळ्या वस्तीचंच सांगू लागले. म्हणून त्यांच्या लेखनासाठी आत्मकथन हा शब्द रुळला. सीमारेषा काटेकोर नाही, एकाच पुस्तकाला दोन्ही शब्द लावलेले दिसतील. पण कादंबरी नाही म्हणजे नाही.

लिपी एक, भाषा दोन

खरी तांत्रिक भानगड इथे आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. ‘समीक्षा’ टाईप केलं तर तुम्हाला कुठली भाषा हवी आहे हे त्या एका शब्दावरून सर्च इंजिनला ठरवता येत नाही. हिंदी पानांची संख्या मोठी, मग तीच वर येतात. उपाय सोपा आहे: जो शब्द फक्त मराठीत त्या अर्थाने चालतो, तो वापरायचा.

एखादं पुस्तक कसं आहे हे सांगणाऱ्या लेखाला मराठीत परीक्षण म्हणतात. समीक्षा म्हणजे त्याहून सखोल, अभ्यासकाची चिकित्सा. हिंदीत मात्र दोन्हींना सर्रास समीक्षाच. म्हणून ‘पुस्तक परीक्षण’ शोधा, फरक लगेच दिसेल. मुलाखती-फोटो-ट्रेलरवाल्या पानांतून सुटका हवी असेल तर ‘पुस्तक परिचय’ हाही शब्द बरा.

गमतीची जोडी म्हणजे कहानी आणि कहाणी. हिंदीत कहानी हा आधुनिक साहित्यप्रकार, आपण ज्याला कथा म्हणतो तो. आपली कहाणी म्हणजे श्रावणात आजी सांगते ती, आटपाट नगरातली. लघुकथा शब्दातही खोच आहे. मराठीत ती साधी कथाच, पंधरा पानांचीसुद्धा असू शकते. हिंदीत लघुकथा म्हणजे अगदी छोटी, पानभराची. चरित्र शोधलंत तर हिंदीत माणसाचा स्वभाव किंवा नाटकातलं पात्र समोर येईल, कारण आपल्या चरित्राला ते जीवनी म्हणतात. आणि ‘आवृत्ती’! पुस्तकाची दुसरी आवृत्ती शोधताना वेलांटी ऱ्हस्व पडली की भौतिकशास्त्राचं पान येतं. हिंदीत आवृत्ति म्हणजे वारंवारता. पुस्तकाच्या आवृत्तीला तिकडे संस्करण म्हणतात.

कादंबरी हा शब्द तर आपल्या बाजूने पक्का आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथाचं आणि त्यातल्या नायिकेचं हे नाव, मराठीने ते अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. टाईप करताना ‘कादंबरी’ असं अनुस्वार देऊनच लिहा. ‘कादम्बरी’ लिहिलंत तर बाणभट्ट भेटण्याची शक्यता जास्त. आणि चांगली कादंबरी शोधायला लांब जायला नको. संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या रंगनाथ पठारेंच्या ‘ताम्रपट’ला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

जुने शब्द, बदललेले अर्थ

काही शब्दांचा अर्थ मराठीतच सरकला आहे. टीका टाईप करून बघा, आज कुणी कुणावर टीका केली याच्या राजकीय बातम्यांची रांग लागेल. पण नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती गीतेवरची टीकाच आहे. इथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. नऊ हजारांवर ओव्यांत. म्हणून ‘गीतेवरील टीका’ किंवा ‘भाष्य’ असं जोडून शोधावं लागतं.

तसाच फटका. सेल लागला की हा शब्द बातम्यांत येतोच. संगमनेरच्या अनंत फंदींनी लिहिलेला फटका मात्र खडसावून उपदेश करणारी कविता. ते लावणी आणि पोवाडेही रचायचे, तरी नाव घेतलं जातं ते फटक्यांसाठी. राहुरीजवळच्या ताहाराबादचे महिपती ‘भक्तिविजय’ लिहून गेले. त्याला घरात पोथी म्हणतात, पण प्रकार बघितला तर ती संतांची ओवीबद्ध चरित्रं आहेत. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ मध्ये कैदेत असताना नेहरूंनी ‘भारताचा शोध’ लिहिला आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’. दुसरं पुस्तक उर्दूत, मित्राला लिहिलेल्या पत्रांचं. अशा पुस्तकांसाठी ‘पत्रसंग्रह’ शोधा.

मोबाईलवर नेमकं काय करायचं

पुस्तकाचं नाव अवतरण चिन्हांत टाका, पुढे लेखकाचं आडनाव आणि साहित्यप्रकार. नको असलेल्या शब्दापुढे उणे चिन्ह लावा, मध्ये जागा सोडू नका: "बलुतं" आत्मकथन -उपन्यास. एवढ्यानेच तिच्या फोनवर बरीच हिंदी पानं गळाली. मग ‘बलुते’ असंही शोधा, कारण बोली अनुस्वार काहीजण लिहिताना बदलतात. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जुन्या पुस्तकांवर अहमदनगरच आहे, तेव्हा दोन्ही टाकून बघा. आवाजाने टाईप करत असाल तर कीबोर्डची भाषा मराठी आहे ना ते आधी तपासा.

अर्थाबद्दल शंका आली तर एआयला विचारण्याआधी मराठी विश्वकोश बघा, तो ऑनलाइन मोफत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत. एआयला विचारायचंच असेल तर ‘सारांश दे’ म्हणू नका. ‘हे कादंबरी आहे की आत्मकथन, आणि कशावरून’ असं विचारा. उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांशी ताडून बघा. तिथे प्रस्तावना असते, बहुतेकदा दुसऱ्या कुणाची. लेखकाचं स्वतःचं असतं ते मनोगत. मलपृष्ठावरच्या मजकुरावर मात्र डोळे झाकून विसंबू नका, तो विक्रीसाठी लिहिलेला असतो.

बहिणीने वाक्य बदलून परीक्षण पुन्हा दिलं. उरलेलं अर्धं पुस्तकही वाचलं, सुट्टीत तीन दुपारी लागल्या. परवा तिचा मेसेज आला: “दादा, दया पवारांचं कोंडवाडा पण आत्मकथनच ना?”

मी लिहिलं, “शोध की.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं. “काव्यसंग्रह. १९७४.”