दिवसा उड्डाण, रात्री मुक्काम

एप्रिल १९३५ पासून इम्पीरियल एअरवेज आणि क्वांटास यांनी मिळून लंडन–ब्रिस्बेन प्रवासी सेवा चालवली. प्रवास साडेबारा दिवसांचा, भाडे १९५ पौंड. हौसेने फिरणाऱ्यांचे हे काम नव्हे! पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा तर चक्क आगगाडीचा, कारण इटलीची परवानगी नव्हती.

विमानांचा पल्ला तोकडा आणि वाटेवर रात्रीच्या उड्डाणाच्या सोयी अपुऱ्या, त्यामुळे सूर्य मावळला की मुक्काम. शारजात १९३२ च्या सुमारास धावपट्टीशेजारी बांधलेले विश्रामगृह म्हणजे छोटी गढीच: जाड भिंती, बुरूज आणि पहारा. आज तिथे अल महत्ता संग्रहालय आहे. पुढे कराची, जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, बँकॉक, सिंगापूर.

१९३८ मध्ये पाण्यावर उतरणारी ‘एम्पायर’ विमाने आली आणि थांबेही बदलले. मेवाडचा राजसमंद तलावच विमानतळ झाला. साउदॅम्प्टन ते सिडनी हे अंतर साधारण दहा दिवसांवर आले.

मुंबई या मार्गावर नव्हतीच. विलायतेची हवाई टपाल कराचीला उतरे आणि तिथून ऑक्टोबर १९३२ पासून टाटांच्या छोट्या विमानाने अहमदाबादमार्गे मुंबईला येई.