धावपट्टी आखूड, धास्ती लांब

दसऱ्याच्या आधी आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दवाखान्यात एक ठराविक मंडळी येतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, अंगकाठी चिवट, दर रविवारी एखादा किल्ला चढून येण्याची सवय. त्यांना एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत जायचे असते. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख असे सगळे यथास्थित पार पडते आणि खुर्चीतून उठता उठता ते हळूच विचारतात, "डॉक्टर, त्या लुक्लाच्या विमानासाठी एखादी झोपेची गोळी लिहून देता का?" बारा-चौदा दिवस दगडधोंड्यांतून चालायची भीती नाही, थंडीची नाही. भीती आहे ती पहिल्या दिवशीच्या वीस मिनिटांची. कुणीतरी मोबाईलवर विमान उतरतानाची चित्रफीत दाखवलेली असते आणि तेव्हापासून यांची झोप उडालेली असते.

या भीतीला हसू नये. ती कशाची आहे ते आधी नीट पाहावे, आणि गोळीचा विचार त्यानंतर करावा. कारण या एका ठिकाणी ती गोळी भीतीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

लुक्ला हे नेपाळमधले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २८४५ मीटर उंचीवर आहे. तिथली धावपट्टी अवघी ५२७ मीटर. तुलनेसाठी सांगायचे तर मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे; आपल्या कोल्हापूरची पूर्वी १३७० मीटर होती, ती वाढवून १९३० मीटर करण्यात आली. शाळेच्या मैदानावरच्या ४०० मीटरच्या शर्यतीची सव्वा फेरी म्हणजे लुक्लाची धावपट्टी. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला खोल दरी. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ती १९६४ साली तयार झाली. माती दाबून घट्ट करायला रोलर कुठून आणणार? तेव्हा शेर्पांना त्यांची 'छांग' पाजून त्या जागेवर फेर धरून नाचायला लावले आणि जमीन बसवली, ही हकीकत खुद्द हिलरींनीच सांगितलेली आहे. डांबरीकरण २००१ साली झाले आणि २००८ साली विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव देण्यात आले.

आता चित्रफितीत न दिसणारी गोष्ट. ही धावपट्टी सपाट नाही. तिला सुमारे १२ टक्के चढ आहे, म्हणजे एका टोकापेक्षा दुसरे टोक साठ मीटरच्या आसपास, वीस मजली इमारतीएवढे, उंच आहे. विमान नेहमी खालच्या बाजूने येऊन चढावर उतरते आणि उड्डाण करताना उतारावरून दरीकडे धावते. घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी चढाची वाट काढून ठेवलेली असते ना, तसाच हा प्रकार. चढच विमानाला थांबवतो. शिवाय इथे येणारी ट्विन ऑटर आणि डॉर्नियर ही विमाने अशाच आखूड जागेसाठी बनवलेली आहेत. मोठे जेट ज्या वेगाने जमिनीला टेकते त्याच्या जवळपास निम्म्या वेगाने ही टेकतात, आणि वेग निम्मा झाला की थांबायला लागणारे अंतर निम्मे नव्हे, साधारण पाव होते. पंख्याचा बोईंगशी मुकाबला करून घाबरणे म्हणजे सायकलच्या वाटेवर ट्रक कसा मावेल याची चिंता करण्यासारखे आहे.

याचा अर्थ तिथे धोकाच नाही असा मुळीच नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी उतरण्याच्या बेतात असलेले ट्विन ऑटर धुक्यात सापडून धावपट्टीच्या अलीकडे आदळले आणि १८ जण मृत्युमुखी पडले; फक्त वैमानिक वाचला. समोर डोंगर असल्यामुळे अगदी शेवटच्या टप्प्यात विमान पुन्हा वर उचलून नेण्याची सोय तिथे नाही. त्यामुळे सारी भिस्त हवामानावर. दुपार झाली की दरीतून वारा उठतो, ढग चढतात, म्हणून विमाने सकाळच्या वेळी जातात आणि जरा शंका आली की रद्द होतात. विमान रद्द झाले म्हणून काऊंटरवर आरडाओरडा करणाऱ्या प्रवाशांना माझे सांगणे असे, की तुमची भीती खरी कामाची असेल तर ती इथे वापरा. जाताना-येताना मिळून दोन-तीन दिवस हाताशी जादा ठेवा. परतीच्या रेल्वेचे किंवा विमानाचे तिकीट अगदी लागून काढले, की 'आज काहीही करून उडवा' असा तगादा आपणच लावतो.

भीती शरीरात काय करते?

धोक्याची जाणीव झाली की मेंदू मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो आणि ॲड्रेनॅलिन रक्तात येते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो, लघवीला लागल्यासारखे वाटते. वाघ दिसला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही तयारी आहे. विमानात पट्टा बांधलेला, पळायला जागा नाही, तेव्हा ती तयारी अंगातच घुसमटते. मग माणूस भराभर श्वास घेऊ लागतो आणि खरा घोटाळा इथे होतो. जास्त श्वसनामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरते. 'आपल्याला ॲटॅक येतोय' अशी खात्री पटते आणि श्वास आणखी जोरात सुरू होतो. भीतीतून लक्षण आणि लक्षणातून भीती.

हे चक्र तोडायची किल्ली श्वास सोडण्यात आहे, घेण्यात नाही. 'खोल श्वास घ्या' असे सगळेच सांगतात, पण घाबरलेला माणूस आधीच जास्त घेत असतो. मनात चार आकडे मोजत नाकाने सावकाश घ्यावा आणि सहा-सात आकडे मोजत सोडावा. पोट हलले पाहिजे, खांदे नाहीत. प्राणायामाची सवय असलेल्यांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. सवय नसेल तर प्रवासाच्या आधी महिनाभर रोज दहा मिनिटे करावे. ऐन विमानात पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला ते जमत नाही.

धक्का बसला म्हणजे चुकले का?

आपल्याकडे ही भीती लुक्लापुरती नाही. मंगळूर आणि कोझिकोड ही नावे घेतली तरी अनेकांच्या अंगावर काटा येतो. दोन्ही विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेले, टेबलासारखे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण गेले, १६६ पैकी आठच वाचले. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात कोझिकोडला २१ जण गेले. त्यात नागपूरशी नाते असलेले कॅप्टन दीपक साठे होते. लोक म्हणतात, धावपट्टी आखूड होती. चौकशी अहवाल काय सांगतात? मंगळूरची धावपट्टी सुमारे २४५० मीटर, पण विमानाची चाके टेकली ती जवळपास १५८० मीटर ओलांडल्यावर. कोझिकोडला २७०० मीटरपैकी निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर विमान टेकले, तेही पाठीमागून वारा असताना. धावपट्टी मुळात किती आहे यापेक्षा चाके टेकल्यावर किती उरली, हा प्रश्न महत्त्वाचा. दोन्ही वेळा उतरणे मनासारखे जमत नव्हते आणि तरी विमान वर उचलले गेले नाही.

मंगळूरच्या अहवालात आरोग्याच्या पानाला लागू पडणारी आणखी एक नोंद आहे. त्या उड्डाणात मुख्य वैमानिक सुमारे एक तास चाळीस मिनिटे झोपले होते. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू पुरता जागा होत नाही, निर्णय मंदावतो. रात्रपाळीचे कामगार, एस.टी.चे चालक आणि आम्ही डॉक्टर, सर्वांनाच हा अनुभव आहे.

यातून प्रवाशाने उमजून घ्यायचे ते असे, की आपण नेमक्या उलट्या गोष्टींना घाबरतो. धावपट्टी आखूड असली की चांगला वैमानिक विमान ठरल्या जागी ठामपणे टेकवतो. धप्प असा आवाज होतो, कंबरेला हिसका बसतो. लगेच पंखांवरच्या पट्ट्या ताठ उभ्या राहतात, इंजिनांचा जोर उलटा फिरवल्याची घरघर होते, ब्रेक लागून अंग पुढे झुकते. हे सारे विमान थांबवण्याचे काम आहे. याउलट लोण्यासारखे अलगद उतरण्याच्या नादात विमान जमिनीवर तरंगत राहिले तर धावपट्टी वाया जाते. तसेच उतरता उतरता विमान एकदम घोंघावत वर गेले की लोक देवाचा धावा करू लागतात. प्रत्यक्षात ते विमान उचलणे हीच सावधगिरी असते. मंगळूरला ते झाले असते तर त्या सकाळी विमान फक्त थोडे उशिरा उतरले असते. आणखी एक माहिती: प्रवासी जेट निघण्यापूर्वीच असा हिशेब करावा लागतो, की ते पोहोचण्याच्या ठिकाणी उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबू शकेल. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांना हे प्रमाण ७० टक्के आहे. धावपट्टी ओली असेल तर आणखी अंतर धरतात. हिशेब बसत नसेल तर प्रवासी किंवा सामान कमी करतात.

आणि ती गोळी?

विमानाच्या भीतीवर अल्प्राझोलमसारख्या गोळ्या सर्रास मागितल्या जातात. १९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेल्यांना पहिल्या प्रवासात कमी भीती वाटली, पण हृदयाचे ठोके आणि श्वास मात्र वाढलेलेच होते. आठवड्याने त्याच स्त्रिया गोळीशिवाय विमानात बसल्या, तेव्हा त्यांची घबराट दुसऱ्या गटापेक्षा जास्त होती. कारण सरळ आहे. भीती चढते, टिकते आणि पळून न जाता बसून राहिल्यास आपोआप ओसरते, हा धडा मेंदूला जागेपणीच शिकता येतो. म्हणूनच मनोविकारतज्ज्ञ या भीतीवर हळूहळू सामोरे नेण्याचा उपचार करतात. आधी चित्रे, मग विमानतळावर नुसते जाऊन येणे, मग एखादा छोटा प्रवास.

लुक्लाच्या बाबतीत तर गोळी दुहेरी नको. गर्दीच्या मोसमात पुष्कळदा विमान काठमांडूऐवजी रामेछापहून सुटते. ते ठिकाण पाचशे मीटरच्या आसपास उंचीवर. तिथून वीस मिनिटांत माणूस २८४५ मीटरवर पोहोचतो, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. शरीराने श्वास वाढवून ही उणीव भरून काढायची असते, आणि झोपेची गोळी किंवा दारू नेमका तो श्वासच मंद करते. पोटात 'थोडीशी' घेऊन बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. छातीची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलोल ही गोळीही दम्याच्या रुग्णाने मित्राच्या खिशातून घेऊन तोंडात टाकू नये. दम्याचा झटका येऊ शकतो.

भीती आणि विरळ हवेचा त्रास यांत गफलत होते, तीही टाळावी. भीतीची धडधड जमिनीवर उतरल्यावर अर्ध्या-एक तासात निवते. उंचीचा त्रास बहुधा उतरल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो: डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे. 'अजून विमानाची धास्ती गेली नाही' म्हणून तो अंगावर काढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला तर वाट न पाहता खाली उतरावे. मधुमेहींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पहाटे उपाशीपोटी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन विमानाची वाट पाहत बसले, की साखर उतरून घाम सुटतो, हात थरथरतात आणि सगळे त्याला भीतीच समजतात. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्यावे.

ही छोटी विमाने आतून दाबबंद नसतात, त्यामुळे कान दडे बसल्यासारखे होतात. गिळत राहावे, जांभई द्यावी, गोळी चघळावी. जोराची सर्दी असेल तर प्रवास एक-दोन दिवस पुढे ढकललेला बरा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी आणि दम्याच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे, आदल्या दिवशी नव्हे. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड घ्यायचे असल्यास सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का हे त्यांना सांगावे. लुक्लाला उतरल्यावर चहा घ्यावा, सावकाश चालायला लागावे आणि पहिला मुक्काम फाकदिंगला करावा. ते २६१० मीटरवर, म्हणजे लुक्लापेक्षा खाली आहे, आणि तिथे झोप बरी लागते.