दोर धरणारा

पहाटे साडेपाच. फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या सौंसरला या वेळी चांगलाच गारठा असतो. मृगबहाराच्या संत्र्याची तोड चालू असल्यामुळे चौकातली मजुरीवर जाणारी निम्मी माणसं गाड्यांत बसून बागांकडे निघूनही गेलेली असतात. झाडतोड्यांची टोळी मात्र अजून चहा पीत उभी असते. पाच जण आहेत. म्होरक्या साठीचा, त्याला सगळे मामा म्हणतात. मोठं झाड शक्यतो याच दिवसांत घ्यायचं, हा त्याचा नेम. कडुनिंबाची पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे वर चढलेल्याला फांद्यांचे सांधे दिसतात, आणि कावळ्यांची घरटी अजून बांधायची असतात. पण लोक बोलावतात ते जूनमध्ये, पहिल्या वादळाने छपरावर फांदी पडली की. तेव्हा लाकूड ओलं, साल निसरडी आणि घरमालक घाबरलेला.

सहा वाजता आजच्या घरी. परसात कडुनिंब आहे, घरमालक गुरुजींच्या आजोबांनी लावलेला. एक जाड फांदी थेट स्वयंपाकघराच्या कवेलूंवर गेलेली आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची टिनाची पडवी. मामा कापायच्या मशीनला हात लावत नाही. कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्याने बुंध्यावर ठोकत झाडाभोवती फिरतो. कमरेच्या उंचीवर आवाज भरीव येतो, मग एका ठिकाणी एकदम ढब्ब. त्याच बाजूला मातीलगत कानासारखी टणक अळिंबी उगवलेली, आणि झाड जिकडे कललंय त्याच्या उलट अंगाला जमिनीत बोटभर भेग. आत कूज, बाहेर मुळं उचलत चाललेली.

"मामा, झाड तर हिरवं हाय," गुरुजी म्हणतात.

"हिरवं राहीनच जी. पानाले पाणी कडेनं जाते. उभं राहाले मात्र बूड लागते."

हे बरोबरच आहे. झाडाचं पाणी बाहेरच्या कोवळ्या थरातून वर चढतं, मधलं लाकूड सडलं तरी पालवी फुटत राहते. हिरव्या शेंड्यावर विसंबून पोकळ बुंध्याखाली खाट टाकणारी माणसं इकडे कमी नाहीत. तरी मामा प्रत्येक पोकळ झाड तोडत नाही, हेही सांगायला हवं. कलणं आणि भेग नसती तर शेंडा हलका करून तो परत गेला असता.

सात. कागद. गाव नगरपालिकेच्या हद्दीत आहे, म्हणून आपल्याच अंगणातलं असलं तरी 2001 च्या मध्य प्रदेश वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. मामा ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोर सोडत नाही. लाईनमन येऊन घराची वायर उतरवून जातो. हळदकुंकू, नारळ काल संध्याकाळीच झालं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यावर वस्ती करणाऱ्यांना मुक्काम हलवण्याची विनंती करायचा विधी आहे. गुरुजींच्या आईला बृहत्संहिता ठाऊक नाही, पण त्यांनी केलं ते हेच. टोळी कडुनिंब घेते, चिंच घेते, पिंपळ मात्र घेत नाही. जाम सावळीचा झोपलेला मारुती इथून जवळ आहे, आणि तो पिंपळाखालीच आहे. या टापूत पिंपळावर कुऱ्हाड चालवून दुसऱ्या दिवशी काम मिळणं कठीण.

साडेसातला टोळीतला पोरगा वर चढतो. कमरेला दोर, दोराला कुऱ्हाड. दीड तास नुसती बारीक फांद्यांची छाटणी. उरलेल्या पाल्यासाठी गल्लीतल्या बकऱ्या दारात हजर.

साडेनऊपासून खरं काम. कवेलूंवरची फांदी.

मोकळ्या रानात झाड पाडतात. घराच्या परसात ते वरून खाली उतरवावं लागतं, तुकड्या-तुकड्याने. फूटभर जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला तुकडा दोन क्विंटलच्या आसपास भरतो, आणि तो कवेलूंवर पडला तर खालची वासे-पाटीही जाते. म्हणून दोर आधी त्या फांदीच्या वरच्या मजबूत दुबेळक्यातून घेतात आणि मग तुकड्याला बांधतात, टोकाशी नाही, वजनाच्या मध्याच्या जरा पुढे. खालचं टोक अंगणापलीकडच्या जांभळीच्या खोडाला तीन वेढे देऊन मामाच्या हातात. सगळी करामत या वेढ्यांची. दोर खोडावर घासतो आणि प्रत्येक वेढ्यागणिक हाताला येणारी ओढ कित्येक पटींनी कमी होत जाते. दोन क्विंटल लाकूड साठीचा माणूस दोन हातांनी धरतो. मात्र वेढे जास्त झाले तर दोर सरकतच नाही, तुकडा मधेच झटका खातो आणि वरचं दुबेळकं कडाडतं. कमी झाले तर तळहाताची साल जाते. एक दुसरा दोर फांदीच्या शेंड्याला, तो अंगणाकडून ओढून धरायचा, तुकडा छपराकडे झोकांडू नये म्हणून.

पोरगा आधी खालून खाच घेतो. वरूनच कापत गेलं तर फांदी अर्धवट कापलेली असतानाच वजनाने बसते आणि लांबलचक साल सोलत खोडावर येते, म्हणजे वर बसलेल्याच्या मांडीवर. मग वरून मशीन. भुसा कवेलूंवर पांढरा पडतो. आवाज बदलतो, मामाच्या ते आधी लक्षात येतं.

"दोर तंग ठेव बे! पाय काढ!"

कर्र आवाज होतो. तुकडा सुटतो, हातभर खाली येतो आणि थांबतो. कवेलूंच्या वर वीतभर. मामा सूत-सूत दोर सोडतो, दुसरा गडी शेंडा अंगणाकडे ओढतो. आतून गुरुजींच्या आईंचा आवाज, "अवं, माहा चुलीवरचा डबा!" डबा शाबूत आहे. कवेलू एक फुटला, तोही भुसा झाडायला चढलेल्याच्या पायाने.

अशा खेपा बारापर्यंत. सगळ्यांची नजर वरच्या पोराकडे असते, मजुरीही त्याला जास्त मिळते. माझ्या मते ही वाटणी उलटी आहे. मामा स्वतः तसं म्हणत नाही, एवढंच म्हणतो, "मशीन चालवणारा कुठंबी भेटते. दोर धरणारा भेटत नाई."

साडेबाराला भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. टोळीत एक पांढुर्ण्याचा आहे, एक सावरगावचा. मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीपात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. पांढुर्णेकरांनी ते तोडून चंडीमातेच्या देवळात न्यायचं, सावरगावकरांनी दगड मारून अडवायचं. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत, बंदीचे प्रयत्न होतात आणि दगड चालूच राहतात. टोळीतले हे दोघे एकमेकांना त्यावरून डिवचतातच. "तुमच्याकडं एका पळसाले अख्खं गाव लागते," सावरगावचा म्हणतो. "तुमी दगड नका मारू, मी एकटाच तोडतो," दुसऱ्याचं उत्तर.

दोननंतर खोड, वरून हातहातभराचे ठोकळे. काम एकसुरी, ऊन कडक.

चार वाजता डोक्याएवढ्या उंचीचं खोड उरतं आणि आतली पोकळी उघडी पडते. ओंजळीत घेतलं तर तपकिरी लाकूड चहापत्तीसारखं चुरतं. एका बाजूला फक्त चार बोटं घट्ट लाकूड, त्यावर सगळं उभं होतं. इथे मामा खाचेचा नेहमीचा हिशेब सोडतो. एरवी पडायच्या बाजूला पाव जाडीची खाच, मागून जरा वर काप, मधे लाकडाची पट्टी राखायची, तीच बिजागरीसारखी वळून खोडाला दिशा देते. पोकळ खोडात राखायला पट्टीच नाही. म्हणून दोन दोर बांधून, पाचर न ठोकता, ते ओढूनच आडवं करतात.

साडेपाचला ट्रॅक्टर. वरच्या ठोकळ्यांचं लाकूड चांगलं निघालं आहे, कडुनिंबाला उधळी सहसा लागत नाही, म्हणून आरामशीनवाला हसतमुख. वाहतुकीचा परवाना लागतो की नाही, ते तो वनविभागात विचारून आला आहे. सौदा सकाळचा: लाकूड टोळीचं, वर मजुरी थोडी. गुरुजींना आता दोन चौकटींपुरतं लाकूड घरात हवं आहे. मामा तोंड वाकडं करतो. घासाघीस होते, एका चौकटीवर मिटतं आणि फुटलेल्या कवेलूचा विषय आपोआप मागे पडतो.

बूड खणून काढत नाहीत. मुळं भिंतीखाली गेली आहेत. ती सावकाश कुजू दिली तर पाया एकदम बसत नाही. जमिनीलगत कापून वर माती ओढतात.

दोर गुंडाळताना मामा तो बोटांतून सरकवत तपासतो. एका जागी पीळ उसवलेला आहे, तेवढा तुकडा कापून टाकतो. उद्या पांढुर्ण्याला चिंच पाहायला जायचं आहे, आणि घरमालकाने फोनवर सांगितलंय की चिंचेखाली विहीर आहे. विहिरीचं तोंड किती रुंद, कठडा पक्का की कच्चा, हे पाहिल्याशिवाय तो भाव सांगत नाही.