हिमनदीचे जाते, वाऱ्याची उफणणी

कागलच्या शिवारातील खळी आता बहुतेक मोडली. रानोरान ऊस उभा राहिला, आणि जो काही जोंधळा-भात उरला त्याची मळणी यंत्राने घटकाभरात उरकू लागली. तथापि घाटग्यांच्या या जुन्या जहागिरीच्या गावी, दुधगंगेकाठच्या रानात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या दृष्टीपुढून उफणणीचे ते दृश्य सहसा हलणार नाही. दुपार कलेपर्यंत वारा सुटण्याची वाट पाहत वावडीवर उभा राहिलेला गडी, त्याच्या हातातली मळलेल्या जोंधळ्याची पाटी, आणि ती पाटी कलती होताच वाऱ्याने केलेली ती अचूक वाटणी! दाणा पायाशी, कोंडा चार हातांवर, बारीक भूस त्याहून दूर, आणि अगदी हलकी धूळ पार शेजाऱ्याच्या बांधापलीकडे. चाळण नाही, तागडी नाही; ज्याचे जेवढे वजन त्याला तेवढाच पल्ला, हा वाऱ्याचा कायदा, आणि त्याच्या अंमलबजावणीत कोणाचा वशिला चालत नसे.

हाच कायदा पृथ्वीच्या पाठीवर, जेथे जोंधळ्याचे नावही कोणी ऐकलेले नाही अशा हिमाच्छादित मुलखाच्या हद्दीवर, लक्षावधी वर्षे अखंड चालत आला आहे, आणि त्याने तेथे नुसते ढीग घातले नाहीत, तर टेकड्या उभारल्या, दगड तासले, आणि कोट्यवधी माणसांना पोसणारी जमीन तयार केली. तिचा वृत्तांत आपल्या लोकांना सांगावा, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. कारण मातीवर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मातीचे कुळ जाणून घेण्याची उत्सुकता असतेच.

हिमनदी म्हणजे एक प्रचंड जाते होय. वरून पडलेला हिमवर्षाव वर्षानुवर्षे साचून, स्वतःच्याच भाराने दाबला जाऊन त्याचा निळसर बर्फ होतो, आणि तो बर्फ डोंगराच्या उतारावरून इतक्या संथपणे सरकतो की त्याची चाल डोळ्यांना दिसत नाही. सरकताना त्याच्या पोटात अडकलेले धोंडे तळच्या खडकावर घासले जातात. धोंडा झिजतो, खडकही झिजतो, आणि दोहोंच्या घर्षणातून जे निघते ते शब्दशः दगडाचे पीठ असते. उन्हाळ्यात हिमनदीच्या मुखातून बाहेर पडणारे पाणी दुधासारखे पांढुरके किंवा राखेसारखे करडे दिसते ते या पिठामुळे. हे पाणी मुखापुढच्या सपाटीवर शेकडो फाट्यांनी पसरते आणि आपल्याबरोबर आणलेले गोटे, वाळू व पीठ तेथे टाकून देते. आइसलंडमध्ये अशा सपाटीला ‘सांडूर’ म्हणतात, आणि तेथून हा शब्द साऱ्या जगाच्या भूशास्त्रात गेला. कापशीकर घोरपडे सेनापतींच्या तालुक्यात राहणाऱ्या वाचकाला घोरपड्यांचे संडूर संस्थान आठवेल, परंतु हे नामसाम्य केवळ योगायोगाचे आहे.

शरद ऋतू लागला की वितळ थांबते, पाणी ओसरते आणि ती सारी सपाटी उघडी पडून वाळते. गवताची एक काडी तेथे रुजलेली नसते. त्यातच, बर्फाला टेकलेली हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली धावते. दाब सारखाच धरला तर उणे २० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एकपंचमांशाने जड भरते; म्हणजे तेवढ्याच वेगाचा वारा त्या मुलखात अधिक जोराने ढकलतो. पीठ तयार, खळे मोकळे, वारा बांधलेला! उफणणीला आणखी काय हवे? हिमनद्यांच्या अवतीभवतीच्या अशा प्रदेशाला ‘परिहिमानी’ म्हणतात. हिमप्रांताच्या कडेवरील या मुलखाला ‘पेरिग्लेशियल’ हे नाव पोलंडचे भूशास्त्रज्ञ वालेरी लोझिन्स्की यांनी १९०९ साली दिले.

हे खळे पाहायला आपल्या माणसाला परदेशी जावे लागत नाही. लडाखमध्ये लेहहून खारदुंग घाट ओलांडून नुब्राच्या खोऱ्यात उतरले की दिस्कित आणि हुंदर या गावांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, मागे हिमशिखरे आणि पुढे वाळूच्या लाटा असे विलक्षण दृश्य दिसते. कोल्हापूर भागातील गावागावांतून फौजेत गेलेल्या जवानांनी तो मुलूख पाहिला आहे. नुब्रा नदी उगम पावते ती सियाचीनमधून, ज्या हिमनदीची लांबी सुमारे ७६ किलोमीटर आहे आणि जिच्या वरच्या अंगाला १९८४ पासून आपली ठाणी आहेत. ही नदी दिस्कितजवळ श्योकला मिळते. उन्हाळ्यात दोन्ही नद्या करड्या गढूळ पाण्याने दुथडी भरतात. थंडीत त्यांची पात्रे आखडतात, आणि मैलोगणती वाळूचे पट्टे कोरडे पडतात. लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पर्जन्य पडते, तेव्हा ती वाळू ओली राहण्याचा प्रश्नच नाही. दुपारी खोऱ्यात वारा उठतो, वाळू उचलतो, आणि जेथे दरी रुंदावल्यामुळे किंवा झुडपे आडवी आल्यामुळे त्याचा जोर मोडतो तेथे ती खाली ठेवतो. आपल्याला वाळवंट म्हटले की राजस्थानातला उकाडा आठवतो. पण वाळूची टेकडी घालण्यासाठी उन्हाची गरज नसते. सुटी वाळू, मोकळे रान आणि वारा, एवढे तीन साक्षीदार हजर असले की काम भागते. हुंदरच्या टेकड्यांमध्ये जे दोन मदारींचे उंट प्रवाशांना पाठीवर घेऊन फिरतात, ते यारकंदकडील तांड्यांच्या व्यापाराचे अवशेष आहेत. तो व्यापार गेल्या शतकाच्या मध्यास बंद पडला आणि उंट मागे राहिले.

वाळू आणि पीठ यांची वाट येथे वेगळी होते. वाळूचा कण जड. तो टुणटुण उड्या मारीत, जमिनीपासून हात-दीड हाताच्या उंचीत पुढे जातो आणि लवकरच बसतो. पण या उड्यांत तो जे काही आडवे येईल त्याला तासत जातो. अंटार्क्टिकातील रॉस समुद्राकडच्या बर्फरहित कोरड्या दऱ्यांत असे दगड विखुरलेले आहेत की ते पाथरवटाने छिन्नीने घडवून मांडले असावेत, असे वाटते. वाऱ्याकडची बाजू घासून सपाट झालेली, मध्ये धारदार कड. पुढे दगडाखालची वाळू उडून तो कलंडला किंवा वाऱ्याची दिशा बदलली, की दुसरी बाजू घासली जाते, मग तिसरी. जर्मन भूशास्त्रज्ञांनी अशा तीन कडांच्या दगडाला ‘ड्रायकांटर’ म्हटले. उत्तर जर्मनी आणि पोलंडच्या शेतांतही असे दगड निघतात. तेथे आज हिमनदीचा मागमूस नाही, परंतु वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात तेथे कसला वारा वाहत होता याचा तो दगड एक अस्सल दस्तऐवजच आहे. अंटार्क्टिकाशी आपला संबंध आला तो शेजारच्या गोव्यातून: डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. आजही ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था वास्को येथेच आहे.

वाळू बसली, पीठ मात्र अजून हवेतच आहे. मिलिमीटराच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण वाऱ्याबरोबर शेकडो कोस जातात, आणि जेथे गवताने किंवा झाडोऱ्याने त्यांना अडवले तेथे थराथराने बसून पिवळसर, भुसभुशीत, थराच्या रेघाही न दाखवणारी माती तयार करतात. ऱ्हाइनकाठचे शेतकरी तिला आपल्या बोलीत ‘सैल’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. तोच शब्द ‘लोएस’ या रूपाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रात आला. ही माती पाण्याने आणली की वाऱ्याने, यावर मोठा वाद झाला. चीनमध्ये प्रत्यक्ष हिंडून आलेल्या फेर्डिनांड फॉन रिश्टहोफेन यांनी वाऱ्याचा पक्ष समर्थपणे मांडला. त्यांचा पुरावा आपल्या गावच्या पंचांनाही पटेल असा होता: पाण्याने आणलेला गाळ खोलगट जागी आणि एका पातळीत बसतो, ही माती तर डोंगर-दरी न पाहता सारख्या चादरीसारखी पसरलेली, आणि तिच्यात शंख सापडतात ते पाण्यातल्या नव्हे, जमिनीवरच्या गोगलगायींचे. ‘रेशीम मार्ग’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले तेही हेच रिश्टहोफेन. येथे एक खुलासा केला पाहिजे. युरोपातील आणि उत्तर अमेरिकेतील लोएस बहुतांशी हिमनद्यांच्या पिठाचा आहे. चीनमधील अफाट पठारावरचा लोएस मात्र मुख्यतः मंगोलियाकडील वाळवंटांतून आणि सभोवारच्या उंच पर्वतांतून आला आहे. त्या पठारावर लोक या मातीच्या उभ्या कड्यांत घरे कोरून राहत. १५५६ च्या शान्सी प्रांतातील भूकंपात ती गुहाघरे कोसळून झालेली मनुष्यहानी आठ लाखांच्या घरात मोजली जाते, आणि इतिहासात त्याहून प्राणघातक भूकंपाची नोंद नाही.

आपल्या देशात या मातीचे माहेर काश्मीर होय. झेलमच्या खोऱ्यात नदीपासून उंचावर जी सपाट पठारे आहेत त्यांना तेथील लोक ‘करेवा’ म्हणतात. खाली प्राचीन सरोवराचा गाळ, आणि सर्वांत वर हिमयुगात वाऱ्याने आणून घातलेल्या लोएसचे पांघरूण, अशी त्यांची रचना आहे. या पांघरुणात मधूनमधून गडद मातीचे पट्टे आढळतात: थंडीचा अंमल सरला, वारा थांबला, गवत-झाडे वाढली, आणि पुन्हा थंडी येऊन त्यांवर नवे पीठ पडले, अशी ती जुन्या हवामानाची रोजकीर्दच आहे. श्रीनगरजवळ बुर्झहोम येथे इसवी सनापूर्वी तीन हजारच्या सुमारास माणसांनी या मऊ पण उभी राहणाऱ्या मातीत खड्ड्यांची घरे खोदली. भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे केलेल्या उत्खननात जे सर्वांत मोठे घर उघड झाले ते तोंडाशी पावणेतीन मीटर, तळाशी साडेचार मीटर रुंद आणि जवळजवळ चार मीटर खोल आहे. तोंड अरुंद आणि पोट मोठे, धान्याच्या पेवासारखे. ज्या मातीत असे पेव बिनकुडाचे उभे राहते, तिचे कण वाऱ्याने आणलेले, टोकदार आणि एकमेकांत अडकून बसणारे असतात. ज्या थंडीने ही माती घडवली त्याच थंडीपासून माणूस तिच्या पोटात लपला. 

आणि याच करेव्यावर पांपोरचे केशर पिकते. केशराच्या कंदाला साचलेले पाणी सोसत नाही. त्याला निचऱ्याची, भुसभुशीत, चुनखडीयुक्त जमीन लागते. पाडव्याच्या श्रीखंडात आमच्या घरोघरी जी केशराची काडी पडते, ती काश्मिरी असेल तर तिच्या मुळाशी हिमनदीने दळलेले आणि वाऱ्याने उफणलेले हे पीठ असते, हे समजल्यापासून त्या काडीकडे मी निराळ्या आदराने पाहतो.

आपल्या मातीचे कुळ अगदी वेगळे. कागलची काळी जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक जागच्या जागी कुजून झालेली, आणि दुधगंगा-वेदगंगेचा पोयटा तोच खडक नदीने वाहून आणलेला. बर्फाचा तिच्याशी संबंध नाही. तरी महाराष्ट्राला हिमनदी सर्वस्वी परकी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेजवळ इरई येथे चुनखडीच्या फरसावर समांतर ओरखडे आहेत. ते तळात दगड घेऊन सरकणाऱ्या बर्फाने सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी ओढले. भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते ओरखडे पडले त्या काळी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या दिशेने फार खाली होता.

वाऱ्याने दिलेली जमीन वाराच परत नेतो, याचा अनुभव आइसलंडने घेतला. शतकानुशतकांची चराई आणि वृक्षतोड यांनी वरचे गवत फाटले, तेव्हा सुपीक माती उघडी पडून उडू लागली. म्हणून १९०७ मध्येच तेथील सरकारने भूसंधारणासाठी स्वतंत्र खाते काढले. काश्मीरचे करेवे मात्र आज वाऱ्यापेक्षा फावड्याला अधिक बळी पडत आहेत. विटांच्या भट्ट्यांसाठी, रस्त्यांच्या आणि लोहमार्गाच्या भरावासाठी त्यांची माती गाड्या भरभरून गेली आहे. जी माती बसायला सहस्रावधी वर्षे लागली ती एका हंगामात नेणे हा माझ्या मते सरळ अपव्यय आहे, आणि आपल्या नदीकाठचा पोयटा भट्टीला घालणाऱ्यांनाही माझे हेच म्हणणे आहे.

काश्मीरला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना एक विनंती आहे. पांपोरच्या रस्त्यावर गाडी थांबवून बांधावरची चिमूटभर माती बोटांत चोळून पाहावी. ती जात्याखालच्या पिठासारखी लागते. शक्य झाल्यास हे ऑक्टोबरच्या अखेरीस करावे, कारण केशराचा फुलोरा तेव्हा सुरू होतो आणि जेमतेम दोन-तीन आठवडेच टिकतो.