वारेवरची गाठ : घाबरू नका, तपासणी चुकवू नका

विश्रांतवाडीत आमच्या शेजारच्या सुनेला पाचवा महिना होता. "एक सोनोग्राफी झाली, आता पुन्हा कशाला?" असे म्हणणाऱ्या सासूबाई अखेर तिला घेऊन गेल्या. रिपोर्ट माझ्याकडे वाचायला आणला. त्यात लिहिले होते : कोरिओअँजिओमा. "टीचर, ही कॅन्सरची गाठ तर नाही ना?" त्यांचा आवाज कापत होता.

नाही. वार, म्हणजे उर्दूतली आँवल, बाळाला आईच्या रक्तातून प्राणवायू व पोषण पुरवते. तिच्यातल्या रक्तवाहिन्यांची जादा वाढ होऊन ही साधी गाठ बनते. १७९८ साली जॉन क्लार्क यांनी तिचे पहिले वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास सुमारे शंभरातल्या एका वारेत ती सापडते. बहुतेक गाठी लहान असतात, त्रास देत नाहीत.

चार-पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ क्वचितच आढळते. पण तिच्याकडे दुर्लक्ष नको. बाळाचे रक्त तिच्यातूनही फिरते, त्यामुळे त्याच्या हृदयावर ताण येतो. रक्तक्षय, अंगावर सूज, खुंटलेली वाढ असे धोके संभवतात. गर्भजल फार वाढले तर आईला दम लागतो, कळा वेळेआधी सुरू होतात. प्रसंगी बाळ पोटातच दगावते.

ही गाठ पोटावर हात ठेवून कळत नाही. म्हणून १८ ते २२ आठवड्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. कलर डॉप्लरमध्ये गाठीतला रक्तप्रवाह दिसतो. मोठी गाठ असल्यास दर एक-दोन आठवड्यांनी तपासणी होते. गरज पडल्यास सुईने जादा गर्भजल काढतात, नाळेतून बाळाला रक्त देतात, काही ठिकाणी लेझरने गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : गाठ केवढी? पाणी किती? बाळाचे हृदय ठीक आहे ना? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

आणि सुनेला बोल लावू नका. ही गाठ तिच्या खाण्यापिण्याने होत नाही, नजर लागूनही होत नाही. आजारावर इलाज करावा, ही आपल्या प्रेषितांचीच (सल्ल.) शिकवण आहे. दुआ करावी, तपासणीही करावी.

शेजारणीची गाठ दोन सेंटिमीटरची निघाली. पुढच्या तपासणीची तारीख सासूबाईंनी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.