भिंतीच्या पोटातली जागा

लग्न होऊन जयगडला आले तेव्हा माहेरच्यांनी लोखंडी कपाट दिलं होतं. सातव्या पावसाळ्यात त्याचा खालचा पत्रा माझ्या हातात आला. खाडीवरची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. आमचं दीपगृह 1932 सालचं, तेही ओतीव लोखंडाचं. पण त्याला रंग द्यायला सरकार आहे. माझ्या कपाटाला मी एकटी. मग प्लायवूडचं आणलं. ते आषाढात असं फुगायचं की दार लावायला कमरेचा धक्का द्यावा लागे.

घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. एरवी आम्ही पाच माणसं, पण गणपतीला चाकरमानी आले की अठरा. त्या दिवसांत कपाटाखाली गेलेली जमीन म्हणजे एका माणसाचं अंथरूण. त्यावरून कुरबूर झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कपाट हवंय कशाला? भिंतीत फडताळ काढा."

कोनाडे घरात होतेच, मीच ते कधी जागा म्हणून मोजले नव्हते. दाराशेजारी दिव्याची देवळी, वरचा दगड काजळीने काळा. न्हाणीत शिकेकाईचा कोनाडा. माजघरात दोन झडपांचं लहानसं फडताळ. त्यात पंचांग, घरपट्टीच्या पावत्या आणि कुणालाच न लागणाऱ्या किल्ल्या. जयगड किल्ल्याच्या दरवाज्यातून आत गेलात तर पहारेकऱ्यांच्या देवड्या दिसतील. माणूस बसेल एवढी ती देवडी, पणती बसेल एवढी ही देवळी. दोन्हींची युक्ती एकच: भिंत जाड आहे, तर तिच्यातच जागा करा.

हे जमतं ते जांभ्यामुळे. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी अमदानीतल्या डॉक्टरने 1807 साली या दगडाला लॅटेराइट हे नाव छापलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. केरळात लोक खाणीतून तो विटेसारखा कापून काढताना त्याने पाहिलं होतं. ताजा दगड हत्याराने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो. आमच्या भिंतीतला चिरा साधारण 15 इंच लांब, 9 रुंद, 7 उंच. चिऱ्याची लांबी भिंतीत आरपार घातलेली, म्हणून भिंतीची जाडी 15 इंच. त्यातून 8 इंच कोरले तरी मागे 7 इंच दगड राहतो. 2 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 इंच खोल कोनाडा म्हणजे सव्वापाच घनफुटांहून किंचित जास्त जागा, तीही जमिनीचा एक इंच न अडवता.

पहिला प्रयोग मात्र फसला. आमच्या यांनी कुणालाही न विचारता पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला छिन्नी लावली, का तर तिथे उजेड बरा. जांभा सच्छिद्र. पावसाचा मारा पश्चिमेकडून, आणि रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पंधरा इंच ओलांडायला ओलीला वेळ लागायचा. सात इंच ती लवकर ओलांडून आली. श्रावणात गोधड्या काढल्या तर घड्यांवर हिरवी बुरशी. तो कोनाडा आता कोयत्या-विळ्यांना दिलाय.

दुसऱ्या वेळी गवंडीकाकांना बोलावलं. माझ्या भाच्याने त्यांना फोनवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला: एक बाई करवतीने भिंत कापते, खोका आत सरकवते, तासाभरात काम खलास. काका हसले. तिकडची भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर दोन्हीकडून जिप्समचे तक्ते. 16 इंचांवर उभे खांब, मधे साडेतीन इंच पोकळी. कापायला फक्त तो तक्ता असतो. आमची भिंत भरीव आणि तिच्यावर छप्पर. "वहिनी," ते म्हणाले, "आधी डोईवर काय धरायचं ते बोला, मग पोट फोडू."

देवळी अरुंद असते ती याचसाठी. वरून एक लांब चिरा आडवा टाकला की तोच भार पेलतो. दोन फुटांना ते पुरत नाही. काकांनी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली, पाऊस न लागणारी भिंत निवडली. माळ्यावर चढून तुळईचं टोक नेमकं कुठे टेकलंय ते पाहिलं आणि तिथून दूर सरकले. कोपरा आणि दाराची चौकट यांपासूनही दोन-दोन फूट सोडले. मग फक्त वरची खाच पाडली, तीत सळया घातलेली सिमेंटची पाटी बसवली. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंतीवर टेकेल अशी. आणि निघून गेले. आठ दिवस पाटी भिजवायची, खाली हात लावायचा नाही. मला वाटलं दुसरं काम मिळालं असणार. पण भार घ्यायला पाटी पक्की व्हावी लागते.

नवव्या दिवशी फोडायला सुरुवात. ग्राइंडरने कडा कापायच्या, मग छिन्नी. घरभर लाल धूळ, मिठाच्या बरणीतसुद्धा. जुन्या भिंती मातीत रचलेल्या असतात, हातोडा जोरात बसला तर शेजारचे चिरे हलतात, म्हणून काका टिचक्या मारल्यासारखे ठोके घालत होते. खण कडप्प्याचे केले, ते ना फुगत ना गंजत. तळाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार. मागच्या दगडावर ऑइलपेंट लावू दिला नाही, चुनाच काढला. ओल आलीच तर तिला सुकायला वाट हवी. झडपा जुन्या फणसाच्या फळ्यांच्या, वरखाली भोकं ठेवलेल्या. काचेची बंद दारं कोकणात बुरशीची पेटी होतात, हे माझं ठाम मत आहे.

हल्लीच्या 9 इंची चिऱ्याच्या भिंतीत एवढा खोल कोनाडा काढू नका. चार इंच पुरेत, मसाल्याच्या बाटल्या आणि औषधं राहतात. मुंबईकरांनी तर आधी इंजिनिअरला विचारावं. कॉलम, बीम यांना हात नाही, आणि मायवन शटरिंगच्या इमारतीत सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या, तिथे हा विचारच सोडा. नवी भिंत बांधणार असाल तर उत्तम: गवंड्याला आधीच सांगा, फोडाफोड वाचते.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे मिरगापर्यंत गिलावा खडखडीत सुकतो. त्याआधी एकच करा. दाराच्या चौकटीशी टेप लावून आपली भिंत किती जाड आहे ते मोजा. माझी पंधरा इंच आहे हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.